न्हाणीचा विस्तव: वर्धा जिल्ह्यातील घर, धूर आणि ऊन पाणी

आंघोळीचे पाणी तापविणारा विस्तव भिंतीच्या आत असावा की बाहेर, हा प्रश्न गॅस गिझर घरोघर आल्यानंतर निर्माण झाला असे सामान्यतः मानले जाते. वर्धा जिल्ह्यातील घरबांधणीचा आणि इंधनाचा इतिहास पाहिला तर मात्र हा प्रश्न गिझरपेक्षा बराच जुना असून घराची रचना, हाताशी असलेले जळण आणि ते जाळण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात यानुसार त्याचे उत्तर बदलत गेलेले दिसते. देशात बिनधुराच्या चुलीचा पद्धतशीर विचार ज्या थोड्या ठिकाणी प्रथम झाला, त्यांपैकी मगनवाडी हे ठिकाण वर्धा शहरातच आहे, आणि तरीही गिझरच्या बाबतीत त्या विचाराचा गाभा येथेही विसरला गेला. मगनवाडीच्या प्रयोगांत विस्तव कोठे पेटतो याला दुय्यम स्थान होते. जळून उरलेली हवा कोणत्या वाटेने घराबाहेर पडते, याची काळजी तेथे मुख्यतः वाहिली गेली होती.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्यालय प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते आणि १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात आले. हा मुलूख मध्य प्रांतात मोडत असल्यामुळे येथे मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी आणि त्याबरोबर येणारे हक्क मालगुजाराकडे असत. त्यामुळे गावात एकीकडे मालगुजाराचा चौसोपी वाडा व दुसरीकडे कुणबी, तेली, महार, गोंड यांची मातीच्या भिंतींची, कवेलूंनी शाकारलेली घरे असे दोन टोकांचे वास्तुप्रकार शेजारी शेजारी नांदत. हवामान असे की मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ऊन पाण्याची खरी गरज थंडीचे अडीच-तीन महिनेच भासते. एरवी ऊन पाणी लागे ते बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला आणि दिवाळीतील अभ्यंगस्नानाला. वर्षाचे आठ-नऊ महिने जिचा उपयोग नाही अशी वेगळी व कायमची सोय घराच्या आत करण्याचे कारणच नव्हते.

जुन्या घराची मांडणी पुढे ओसरी, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे परस अशी असे. परसात विहीर, गोठा आणि न्हाणी असत. न्हाणी म्हणजे पाणी निथळून जाईल अशा उताराची फरसबंद जागा. तिला तीन बाजूंनी मातीची भिंत किंवा तुराट्यांचा कूड असे आणि वर बहुधा छप्पर नसे. तिच्याजवळच तीन दगड मांडून केलेल्या चुलीवर पितळेची गुंडी चढविली जाई. जळण म्हणून तुरीच्या तुराट्या, कापसाची वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी आणि गोवऱ्या वापरल्या जात. आर्वी, आष्टी व कारंजा या भागांत गवळाऊ जातीच्या गुरांची जोपासना मोठ्या प्रमाणावर होत असल्याने गोवऱ्यांची वाण नसे. पऱ्हाटी भरभर जळते, ज्वाळा मोठी देते आणि धूरही तितकाच करते. अशा जळणावर दोन-तीन गुंड्या पाणी तापवायचे तर ते उघड्यावर तापविणेच शहाणपणाचे होते, कारण आत कवेलूंखाली बांबूचे आढे आणि माळ्यावर साठवलेला कापूस असे.

सोवळे पाळणाऱ्या घरांत याला आणखी एक कारण होते. आतील चूल अन्नाची असल्यामुळे ती स्नानानंतर पेटवावयाची, तर स्नानाचे पाणी अर्थातच स्नानाआधी तापवावे लागे; म्हणून दोन विस्तव आणि त्यांच्या दोन जागा आपोआपच ठरून गेल्या. भूमिहीन मजुराच्या एकखणी घरात ही चैन शक्य नव्हती. तेथे एकच चूल असे आणि तिच्या वैलावर, म्हणजे मुख्य तोंडाच्या बगलेला ठेवलेल्या दुसऱ्या तोंडावर, भाकरी होईपर्यंत जेवढे पाणी कोमट होई तेवढ्यावर भागवावे लागे. परसातील न्हाणीच्या मोकळ्या हवेचे कौतुक करताना हे लक्षात ठेवले पाहिजे की ती हवा परस असणाऱ्यांनाच लाभत होती. शिवाय पहाटे उठून विहिरीचे पाणी शेंदणे व विस्तव फुंकणे हे काम मालगुजाराच्या वाड्यात सालदाराकडे, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या गड्याकडे असले तरी इतर घरांत ते बाईकडेच होते.

सधन घरांत गुंडीची जागा तांब्याच्या बंबाने घेतली. बंब हे रचनेच्या दृष्टीने चांगले यंत्र आहे. उभ्या नळकांड्याच्या मधोमध दुसरी नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी, अशी त्याची घडण असते. जळण मधल्या नळीत टाकले की ज्वाळा व तप्त वायू त्याच नळीने वर चढतात आणि चारही बाजूंनी पाण्याला उष्णता देत जातात. उघड्या चुलीवरील भांड्याला केवळ बुडाशी आच लागते व बाकीची उष्णता वाया जाते, तसे येथे होत नाही. तोटी उघडावी, वरून तेवढेच थंड पाणी घालावे आणि घरातील सगळ्यांची आंघोळ एकाच पेटवणीत उरकावी, ही त्याची सोय होती. मधली नळी धुराड्याचे काम करीत असली तरी ते धुराडे माणसाच्या उंचीएवढेही नसे आणि बंब ज्या जागेत उभा असेल त्याच जागेत धूर सोडी. म्हणून बंब परसात, मागच्या पडवीत किंवा छप्पर नसलेल्या न्हाणीच्या तोंडाशी राहिला. दारे लावून घेतलेल्या खोलीत तो पेटवायचा नाही हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, पण डोळ्यांत पाणी आणणारा धूर तो नियम रोज बजावीत असे.

घराबाहेरच्या जगात मात्र याच काळात विस्तवाची जागा कायद्याचा विषय झाली होती. हिंगणघाट ही कापसाची जुनी व नावाजलेली बाजारपेठ. तेथे १८८१ मध्ये बन्सीलाल अबीरचंद यांची कापड गिरणी सुरू झाली आणि वाफेवर चालणाऱ्या जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांची धुराडी जिल्ह्यात दिसू लागली. बॉयलर, म्हणजे बंद पात्रात दाबाखाली वाफ तयार करणारे यंत्र, कामगारांच्या व रुईच्या जवळ ठेवणे हे स्फोट व आग या दोन्ही दृष्टींनी धोक्याचे असल्यामुळे त्याला स्वतंत्र बॉयलरघर बांधीत. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या भीषण बॉयलर स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ मध्ये तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढे १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने २२.७५ लिटरपेक्षा मोठे व दाबाखाली वाफ करणारे पात्र सरकारी देखरेखीखाली आणले. घरातील बंब वाफ साठवीत नाही, त्याचे तोंड उघडे असते, म्हणून तो या व्याख्येबाहेर राहिला, आणि ते योग्यच होते. पण त्यामुळे घरगुती विस्तवाकडे पाहणारे सरकारी खाते असे काही उरलेच नाही.

ती उणीव एका बिनसरकारी संस्थेने भरून काढण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व तेथील घर संघाला दिले आणि १९२८ मध्ये निधन पावलेले गांधींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. गांधी १९३५ च्या आरंभी तेथे राहावयास आले व एप्रिल १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गेले. संघाची धुरा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, चक्की यांबरोबर दिवा आणि चूल हेही संघाने संशोधनाचे विषय मानले, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसांनी बाईच्या चुलीत डोके घालावे, ही कल्पना तेव्हाच्या सुशिक्षितांना हास्यास्पदच वाटली असणार. खाद्यतेलावर चालणारा मगनदीप आणि मातीची मगन चूल ही या कामाची फळे होत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने लोकांना पाहता येतील अशी मांडण्यात आली.

मगन चूल १९४० च्या दशकात प्रचारात आली. तिचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व सुधारित चुली त्याच वाटेने गेल्या. साध्या चुलीचे तोंड भांड्यापेक्षा मोठे ठेवावे लागते, नाहीतर हवा मिळत नाही व विस्तव कोंडतो. आणि तोंड मोठे ठेवले की ज्वाळा व धूर भांड्याच्या कडेने खोलीत येतात. मगन चुलीत भांडी छिद्रांवर घट्ट बसतात, छिद्रे एकामागून एक भुयारासारख्या वाटेने जोडलेली असतात आणि त्या वाटेच्या शेवटी धुराडे असते. धुराड्यातील तप्त हवा हलकी होऊन वर चढते, तिच्या मागे चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते, आणि या ओढीमुळे धूर खोलीत न येता पुढच्या भांड्यांखालून धुराड्याकडे जातो. अनेक तोंडांच्या अशा चुलीत धुराड्याजवळचे शेवटचे तोंड स्वयंपाकास पुरेसे तापत नाही, पण पाणी तापविण्यास ते पुरते. म्हणजे परसातील दुसरा विस्तव न पेटविताच आंघोळीचे पाणी स्वयंपाकघरातील वाया जाणाऱ्या उष्णतेवर ऊन होऊ शकले. विस्तव आत, धूर बाहेर आणि पाणी फुकट, असा हा हिशेब होता. हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिने याच विचाराला तांत्रिक बैठक देऊन तो देशभर नेला.

तरीही ही चूल जिल्ह्यात सर्वत्र रुजली नाही. कवेलूंच्या छपरातून धुराडे काढले की त्या भोवतालच्या फटीतून पावसाळ्यात पाणी गळे. पऱ्हाटीच्या जळणाने धुराड्यात काजळी इतकी साचे की ते वेळच्या वेळी साफ न केल्यास ओढ थांबून सगळा धूर उलट खोलीत येई. आणि तुराट्या लांबच लांब असल्याने चुलीच्या लहान तोंडासाठी त्यांचे तुकडे करण्याचे एक नवे काम बाईच्या मागे लागे. शिवाय धुराने आढ्याच्या बांबूला व बियाण्याच्या कणसांना कीड लागत नाही, हा जुना अनुभव होता आणि तो खोटाही नव्हता. १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला हेच अडथळे पुन्हा भेटले. १९८५ नंतरच्या इंदिरा आवास योजनेत घराबरोबर बिनधुराची चूल देण्याची तरतूद होती, पण घरात चूल बांधून देणे निराळे आणि तिचे धुराडे दहा वर्षे झाडत राहणे निराळे. धुराड्याची निगा हाच या साऱ्या प्रयोगांचा कच्चा दुवा राहिला.

गांधींच्या काळात सेवाग्राममध्ये न्हाणीच्या जागेतही एक बदल झालेला दिसतो. मूळ गांधींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेल्या आणि पुढे गांधी राहत असलेल्या बापू कुटीत राहत्या जागेला लागूनच स्नानघर व शौचकूप आहेत, आणि तेथील स्नानाचा टब आजही पाहावयास मिळतो. परसातील न्हाणी घरात आली, पण तिच्या मातीच्या भिंती, खिडक्या आणि कवेलूंच्या फटी यांमुळे हवा खेळती राहिली.

यानंतरचा टप्पा गोबरगॅसचा, म्हणजे शेण व पाणी यांचे मिश्रण बंद हौदात कुजवून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूचा. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या लोखंडी टोपाचे संयंत्र सिद्ध केले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. वर्ध्यात १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्थानिक सामग्रीतून स्वस्तात करता येतील अशा ग्रामीण तंत्रांवर काम केले, त्यांत गोबरगॅसही होता. या पद्धतीत वायू गोठ्याजवळ, उघड्यावर तयार होतो व नळीने शेगडीपर्यंत येतो. आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र ती नेमकी नको त्या वेळी दगा देई, कारण हौदातील जिवाणू थंडीत मंदावतात आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा ऊन पाणी हवे असते तेव्हाच, वायू कमी मिळतो. ज्यांच्या दारी पुरेशी गुरे होती त्यांनी स्वयंपाक गोबरगॅसवर केला आणि पाणी परसातल्या चुलीवरच तापविले.

द्रवरूप पेट्रोलियम वायूचे, म्हणजे सिलिंडरच्या गॅसचे, घरगुती वितरण मुंबईत १९५५ मध्ये ‘बर्शेन’ या नावाने सुरू झाले आणि नंतरच्या दशकांत ते जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने ते मजुरांच्या घरांतही नेले. गॅसवर पाणी तापविण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये वाहते पाणी थेट ज्वाळेने तापविणारा गिझर बनविला, पण त्याला धुराडेच नव्हते, आणि त्यामुळे तो बंद खोलीत वापरणे जोखमीचे होते. युरोपने त्यापासून धडा घेऊन धुराड्याची सक्ती केली, आणि पुढे ज्वाळेला लागणारी हवा बाहेरून घेऊन जळका वायू बाहेरच सोडणारी बंदिस्त यंत्रे केली. भारतात स्वस्त म्हणून पसरलेला लहान गॅस गिझर मात्र बव्हंशी मॉनच्या यंत्रासारखाच बिनधुराड्याचा होता.

तो आला त्याच वेळी घरही बदलत होते. परस आखडले, विहिरीची जागा बोअरवेलने व गच्चीवरच्या टाकीने घेतली, न्हाणी सिमेंटच्या स्लॅबखाली घरात आली, तिला लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे घट्ट दार बसले आणि खिडकीच्या जागी हातभर झरोका उरला, तोही थंडीत कागद लावून बंद केला जाऊ लागला. अशा खोलीत गिझर बसविण्यामागे कारागिराकडे तांत्रिक कारणही असे: गिझरमधील पडदा पाण्याच्या दाबाने सरकला तरच ठिणगी पडून गॅस पेटतो, एकमजली घरात टाकी जेमतेम डोक्यावर असल्याने दाब कमी पडतो, आणि नळी जितकी लांब तितका तो आणखी घटतो. म्हणून गिझर नळाजवळ, म्हणजे आंघोळ करणाऱ्याच्या डोक्याशीच, टांगला गेला.

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गिझर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो आणि १ किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. एवढ्या जागेत दहा मिनिटे गिझर चालला की दोन घनमीटर हवेतील प्राणवायू संपलेला असतो, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक. प्राणवायू काही टक्क्यांनी घटताच ज्वाळा अपुरी जळू लागते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो, म्हणून गळती कळते; कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि तो डोळ्यांनाही झोंबत नाही. पऱ्हाटीच्या धुराने जी सूचना पिढ्यान्‌पिढ्या दिली ती देणारे येथे काहीच उरले नाही, आणि दाराला आतून कडी असल्यामुळे मदतही उशिरा पोहोचते. न्हाणीघरात शुद्ध हरपण्याच्या व झटके येण्याच्या अशा घटनांना भारतीय डॉक्टरांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव दिले आहे. प्रारंभी त्यांपैकी काहींचे निदान अपस्मार म्हणून झाले, हे त्या वायूच्या लपूनछपून वागण्याशी जुळणारेच आहे.

त्यामुळे गिझर न्हाणीघराबाहेर, मागच्या भिंतीवर, वर पत्र्याचे छोटे छप्पर घालून बसवावा, सिलिंडरही बाहेरच असावा आणि भिंतीतून केवळ ऊन पाण्याची नळी आत यावी, ही पद्धत आता रूढ होत आहे. बाहेर बसविण्याविरुद्ध थंड देशांत जो मोठा आक्षेप घेतला जातो तो पाणी गोठून यंत्र फुटण्याचा. वर्ध्यात नळातले पाणी गोठत नाही. जपानमध्ये तर गॅस गिझर घराबाहेर किंवा बाल्कनीत लावणे नित्याचे आहे. येथील अडचणी वेगळ्या आणि किरकोळ आहेत: वाऱ्याने ज्वाळा विझते, उन्हाळ्यातील धुळीने बर्नर चोंदतो, ठिणगीचे सेल पावसाने खराब होतात, वानरे नळ्या ओढतात. यांपैकी एकही अडचण जिवाशी येणारी नाही. दाब कमी पडत असेल तर टाकीखाली चार विटांचे थर वाढविणे किंवा लहान पंप बसविणे हा त्यावरचा इलाज आहे.

खरी अडचण वर्धा, हिंगणघाट व आर्वी येथील नव्या सदनिकांत आहे, कारण तेथे मागची भिंत म्हणजे बहुधा डक्ट असते. डक्ट हे इमारतीच्या मधोमध तळापासून गच्चीपर्यंत गेलेले अरुंद भुयार असून सर्व मजल्यांचे झरोके त्यातच उघडतात. त्यात टांगलेला गिझर कागदावर घराबाहेर असतो, पण त्याचा जळका वायू वर चढताना वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या झरोक्यावरून जातो, आणि डक्टचे तोंड गच्चीवर पावसासाठी पत्र्याने झाकलेले असेल तर तो तेथेच कोंडतो. तो पत्रा काढून टाकणे आणि प्रत्येक गिझरचे धुराडे डक्टमधून थेट गच्चीच्या वर नेणे, ही कामे एका सदनिकाधारकाच्या हातातली नसून संपूर्ण इमारतीच्या संमतीची आहेत, आणि परसातील न्हाणी व तिची चूल एकाच घराच्या मालकीची असल्यामुळे अशी संमती घेण्याचा प्रसंग या जिल्ह्यात पूर्वी कधी आलाच नव्हता.